मधली पाटी

सोनवड गाव दिवसाला किती भाकऱ्या खातं, या प्रश्नावर केतकीबाईंचा पाचवीचा वर्ग आठवडाभर भांडत होता. कुणी घरं मोजून सुरुवात केली, कुणी गिरणीत येणाऱ्या ज्वारीवरून. एकीनं पाहुणे आणि कुत्री हिशेबात धरली नाहीत म्हणून बाकीच्यांनी तिला फैलावर घेतलं. शेवटी निघालेला आकडा बरोबर की चूक हे पोरांना ठाऊक नव्हतं, आणि बाईंनाही नव्हतं. या वर्गाची गंमत हीच होती. इथल्या प्रश्नांची उत्तरं पुस्तकाच्या मागे छापलेली नसायची.

बाकीच्या जगाला असल्या गमतीची गरज उरली नव्हती, कारण बाकीच्या जगाच्या कानात मणी होता. हरभऱ्याच्या दाण्याएवढा हा मणी कानात बसायचा, त्याचा बारीक डोळा समोरचं सगळं पाहायचा आणि विचारायच्या आत नेमका आकडा कानात सांगायचा. पूल किती लांब, ताटात शेंगदाणे किती, भाजीला मीठ किती. माणसाच्या मेंदूत वरच्या बाजूला, कानांच्या थोडं मागे, ‘हे जास्त, ते कमी’ एवढंच ओळखणारा एक भाग असतो. तो तान्ह्या बाळालाही असतो, पण वापरला नाही की आळसावतो. मणी घालून वाढलेल्या पिढीत तो इतका आळसावला, की चांगली शिकलीसवरलेली माणसं वीस पाहुण्यांना तांदूळ मूठभर लागतील की पोतंभर, हे मण्याला विचारल्याशिवाय सांगेनात. त्यात कुणाला लाजही वाटत नव्हती. शितावरून भाताची परीक्षा करायची कशाला, सगळी शितं मोजून मिळत असताना?

सोनवडच्या वर्गातली एकोणीस पोरं मात्र मण्याविना वाढवलेली होती, आणि ती सरकारनं मुद्दाम तशी वाढवली होती. त्याचं कारण गावकऱ्यांना फारसं कळलेलं नव्हतं. देशात भाकितं करणारी सहा मोठी यंत्रं होती. पूर कुठवर चढेल, साथ किती पसरेल, सगळं तीच सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायची. पण सहाही यंत्रं त्याच नोंदी वाचून आणि एकमेकांचं लिहिलेलं वाचून शहाणी झाली होती. त्यामुळे ती चुकायची तेव्हा सगळी मिळून चुकायची, एकाच बाजूला. एका विहिरीचं पाणी सहा माठांत भरलं म्हणून सहा विहिरी होत नाहीत. याउलट, एकोणीस जणांनी एकमेकांच्या पाटीत न डोकावता अंदाज केला तर कुणी वर चुकतो, कुणी खाली चुकतो, आणि चुका आपसात भांडून संपतात. मधे जो आकडा उरतो तो बऱ्याचदा आश्चर्य वाटावं इतका जवळचा असतो.

दोन मोठ्या दुर्घटनांत यंत्रं एकमुखानं चुकल्यावर सरकारला हे पटलं. अडला हरी म्हणतात तसं झालं. कायदा झाला, की जिथं जिवाचा प्रश्न आहे आणि पुरेशी माहिती नाही, तिथं यंत्रांबरोबर बिनमण्याच्या वर्गाचाही आकडा घ्यायचा. दोन्ही जुळले तर ठीक. नाही जुळले, तर ज्यात माणसाला कमी वेळ उरलाय तो आकडा खरा धरायचा. राज्यात असे बरेच वर्ग निघाले. पण आपलं पोर मण्याविना मागं पडेल असं आईबापांना वाटू लागलं आणि एकेक वर्ग बंद पडत गेला. उरला तो सोनवडचा.

वर्गाची रीत ठरलेली होती. प्रश्न नावगाव काढून यायचा, म्हणजे तो खरा आहे की भाकऱ्यांसारखा गमतीचा, हे पोरांना कळायचं नाही. बाई तो वाचून दाखवायच्या आणि लगेच वर्गाच्या मागं जाऊन उभ्या राहायच्या, कारण पोरं पुस्तक वाचतात त्याहून बरा बाईंचा चेहरा वाचतात. कुणी शंका विचारली तर बाईंनी एकच उत्तर द्यायचं: “तू काय धरशील?” लिहून झालं की पाट्या पालथ्या. मग लहान आकड्यापासून मोठ्या आकड्यापर्यंत सगळ्या पाट्या भिंतीला ओळीनं लावायच्या, दोन्ही टोकांकडून मोजत यायचं, आणि अगदी मधली पाटी म्हणजे वर्गाचं उत्तर. वर्गातला सगळ्यात हुशार पोर आणि सगळ्यात ढ पोर, दोघांनाही तिथं सारखीच किंमत होती. केतकीला ही रीत मनापासून आवडायची.

त्या शनिवारी ती शाळेत आली तेव्हा तिच्या जिवात जीव नव्हता. हिरडेघाटाच्या नव्या बोगद्यात पहाटे छत कोसळलं होतं. नऊ माणसं एका आडगल्लीत अडकली होती आणि त्यांत तिचा नवरा निनाद होता. तो तिथं देखरेखीचा अभियंता होता, रात्रपाळी संपवून घरी यायला निघणारच होता. तारा तुटल्या होत्या, मण्याचा आवाज खडकातून पार जात नव्हता. भिंतीला कान लावून ऐकणाऱ्या यंत्रानं माणसं जिवंत आहेत एवढं सांगितलं होतं. नातेवाइकांना बोगद्यापाशी येऊ देत नव्हते. घरी सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले होते आणि त्या एकसारख्या केतकीच्या तोंडाकडे बघत होत्या. ते सहन होईना म्हणून ती शाळेत निघून आली.

बोगद्याच्या कचेरीतल्या माणसानं फोनवर सगळं सरळ सांगितलं होतं. सोडवायच्या वाटा दोन. बाजूनं माणूस सरपटत बाहेर येईल एवढा आडवा नळ सरकवत न्यायचा, त्यात धोका जवळपास नाही, पण चाळीसेक तास लागणार. नाहीतर वरून डोंगरातून सरळ भोक पाडायचं. ते अर्ध्या दिवसात होईल, पण वरचा खडक ठिसूळ आहे, खालच्यांच्या अंगावर येऊ शकतो. हे ऐकल्यापासून केतकीच्या डोक्यात तो ठिसूळ खडकच बसला होता. तिला बाजूची वाट हवी होती.

शाळेच्या फाटकातच तिचा फोन वाजला. बचाव पथकाच्या प्रमुख घोरपडे मॅडम बोलत होत्या. सहाही यंत्रांनी आतली हवा त्रेपन्न तास पुरेल असं सांगितलंय, आता वर्गाचा आकडा लवकरात लवकर हवा, असं त्यांनी सांगितलं आणि नियमाप्रमाणे विचारलं, वर्गात कुणाचं अडकलेल्यांशी नातं आहे का. केतकीनं माहेरचंच आडनाव ठेवलं होतं, त्यामुळे घोरपड्यांच्या हातातल्या यादीवरून त्यांना काही कळण्यासारखं नव्हतं.

“मुलांपैकी कुणाचं नाही,” केतकी म्हणाली.

हे खरं होतं आणि खोटंही. नात्यातला प्रश्न आला तर बाईंनी बाजूला व्हायचं, असा नियम होता. पण बाजूला होऊन वर्ग द्यायचा कुणाला? मुख्याध्यापकांच्या कानात मणी होता आणि या रीतीबद्दल त्यांचं मत होतं की हा पोरखेळ आहे. असं तिनं स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर तो आकडा दुसऱ्या कुणाच्या हातात जावा हे तिला सोसणारं नव्हतं.

तिनं प्रश्न वाचला. एक बंद खोली आहे, आपल्या वर्गापेक्षा थोडी मोठी. दार नाही, खिडकी नाही. एका बाजूला दगडांचा ढीग आहे. आत नऊ मोठी माणसं आहेत. आतली हवा त्यांना किती तास पुरेल?

ती मागं जाऊन उभी राहिली आणि पोरं कामाला लागली. हा प्रश्न त्यांना भाकऱ्यांपेक्षा आवडला होता. हवा संपते म्हणजे काय होतं, हे तिनंच त्यांना दिवाळीआधी शिकवलं होतं. बंद खोलीत माणूस गुदमरतो तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे, त्याच्या बऱ्याच आधी आपणच सोडलेला कर्बवायू आपल्याला गाठतो. हवेच्या शंभर भागांत तो पाच भाग झाला की डोकं ठणकतं, धाप लागते, आणखी वाढला की भान जातं. म्हणजे खोली किती मोठी, त्यातली किती दगडांनी भरलेली, आणि एक माणूस तासाला किती कर्बवायू सोडतो, एवढं धरता आलं की गणित सुटलं. पोरं पावलांनी वर्ग मापू लागली, दगडांच्या ढिगात फटी किती असतील यावर कुजबुजू लागली.

तेवढ्यात शरयूचा हात वर आला. शरयू कुंभारआळीतली, प्रत्येक प्रश्नाच्या पोटातून आणखी एक प्रश्न काढणारी.

“बाई, ती माणसं गप बसल्यात का हालचाल करत्यात?”

‘तू काय धरशील?’ एवढंच म्हणायचं होतं. वर्षानुवर्षं दिवसातून कितीतरी वेळा ती ते म्हणत आली होती.

“बसली असतील,” केतकी म्हणाली. “समजूतदार माणसं आहेत ती.”

शरयूनं मान हलवली आणि पाटीत डोकं घातलं.

पाट्या पालथ्या झाल्या, मग भिंतीला लागल्या. केतकी ओळीवरून चालत गेली. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास, पन्नास, एक्कावन्न. सगळ्यात मोठा आकडा अठ्ठावन्न. मधली पाटी एक्कावन्न. यंत्रांच्या त्रेपन्नला अगदी लागून, आणि चाळीसच्या चांगलीच वर. तिला एकदम आनंद झाला. निनादच्या डोक्यावर कुणी भोक पाडणार नव्हतं. बाजूनं नळ जाईल, परवा सकाळपर्यंत तो घरी असेल. तिनं फोन काढला आणि घोरपड्यांचा नंबर लावायला घेतला.

“बाई,” शरयू म्हणाली, “ह्या खेपंला सगळ्यांचं सारखंच आलंय.”

केतकीनं फोनवरून नजर काढून पुन्हा ओळीकडे पाहिलं. भाकऱ्यांच्या वेळी याच पोरांचे आकडे हजारापासून साठ हजारांपर्यंत पसरले होते. तो पसारा हीच या वर्गाची तब्येत होती. आकडे असे खांद्याला खांदा लावून उभे राहिले की समजायचं, कुणीतरी कानात सांगितलंय. आणि सांगणारी तीच होती.

यंत्रांनीही हेच धरलं असणार हेही तिला त्याच क्षणी कळलं. बोगद्यातल्या कामगारांना शिकवलेलं असतं, अडकलात तर हलू नका, बोलू नका, बसून राहा. नोंदींत सगळीकडे तेच लिहिलेलं, म्हणून सहाही यंत्रांनी बसलेली माणसं धरली. बसलेल्या माणसापेक्षा खोदणारा माणूस दुप्पट-तिप्पट कर्बवायू सोडतो. आणि निनाद? गेल्या वर्षी बाथरूमची कडी बाहेरून अडकली, तेव्हा सुतार निघालाय, येईलच, असं ती बाहेरून ओरडून सांगत होती. सुतार येईपर्यंत या गृहस्थानं आतून दार बिजागऱ्यांसकट उतरवून ठेवलं होतं. रांगेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, तिनं या माणसाला हातावर हात ठेवून बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. तो आत बसला असेल, असं ती जे म्हणाली ते तिला माहीत नव्हतं. तिला तसं हवं होतं.

“तुम्ही म्हनलासा बसल्यात, म्हणून आम्ही सगळ्यांनी तेच धरलं,” शरयू हळूहळू म्हणाली. तिचं अजून जुळवणं चालू होतं. “पर तुम्ही कधी सांगत न्हाईसा. बाई, ही माणसं खरी हायत का?”

केतकीच्या हातातला फोन वाजायला लागला. घोरपडे होत्या. तिनं तो कट केला.

“खरी आहेत.”

“तुमचं कोण हाय का त्यात?”

खोटं बोलायची वेळ निघून गेली होती. “माझा नवरा आहे,” केतकी म्हणाली.

शरयूनं एकदा ओळीनं लावलेल्या पाट्यांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. तिचा चेहरा रडवेला झाला होता, पण बोलली ती स्पष्ट.

“मग बाई, तुम्ही भाईर जावा. आम्ही परत करतो.”

दुसरी कुणी बाई असती तर तिनं पोरीला गप्प केलं असतं. केतकीला क्षणभर तसं करावंसं वाटलंही. या पोरांना बोगदा ठाऊक नव्हता, दोन वाटा ठाऊक नव्हत्या, आकडा चाळीसच्या खाली आला तर काय होणार ते ठाऊक नव्हतं. एक्कावन्न हा आकडा तिच्या हातात होता, त्याला यंत्रांची साथ होती, कुणी कधी बोट ठेवलं नसतं. आणि तो आकडा पाठवला आणि निनाद आत खोदत असला, तर तो नळ पोचायच्या आत मरणार होता, बाकीच्या आठांना घेऊन.

“मी ‘बसली असतील’ म्हणाले ते पुसून टाका,” ती वर्गाला म्हणाली. “मला माहीत नाही. मी नुसतंच म्हणाले.” निनाद बसणारा नव्हे, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तेही सांगायचं नव्हतं, कारण ते सांगितलं की पोरं निमूटपणे उलट्या बाजूला गेली असती. ओठ आवळून ती व्हरांड्यात आली आणि शरयूनं आतून दार लावून घेतलं.

व्हरांड्यात बसायला बाक होता. तिला बसवेना. आत आधी नुसती कुजबुज होती, मग बाकं सरकवल्याचा आवाज आला, मग धपाधप पावलं. पोरं उड्या मारत होती. मग शरयू मोठ्यानं म्हणाली की आता बसलेल्यांचे श्वास मोजा आणि उड्या मारणाऱ्यांचेही मोजा, आणि एकदम शांतता झाली. शिकवलं तेच पोरं करत होती, आणि बाईंशिवाय जास्त चांगलं करत होती. थोड्या वेळानं शरयूचा आवाज पुन्हा आला. आपापल्या घरातली, आळीतली नऊ मोठी माणसं डोळ्यांपुढं आणा, ती म्हणत होती. घराचं दार अडकलंय. किती जण बसतील, किती दार हाणतील? एकमेकाला विचारायचं नाही. आत कुणीतरी आपल्या चुलत्याच्या नावानं हसलं, लगेच कुणीतरी त्याला दटावलं.

केतकीला हे सुचलं नसतं. यंत्रांना तर नाहीच. एकोणीस पोरं, प्रत्येकाची नऊ माणसं, सगळी वेगळी, कुठल्याही नोंदीत न सापडणारी. कुणाचा बाप देवाचं नाव घेत बसणारा, कुणाची आत्या पहारीनं भिंत फोडणारी. अडकल्यावर माणसं कशी वागतात याचा याहून चांगला अंदाज जगात कुठं मिळाला असता? तिला भीती वाटत होती आणि तशातही तिला या पोरांचा अभिमान वाटत होता.

फोन पुन्हा वाजला. घोरपडे मॅडमचा आवाज आता चढला होता. नळाची गाडी तोंडाशी उभी आहे, भोक पाडायचं यंत्र डोंगरावर उभं आहे, दोन्हींपैकी एकालाच पुढं जाऊ देता येईल, कारण वरून हादरे बसले तर नळ सरकवता येत नाही. आकड्याशिवाय मी कुणाला हलवू? केतकीनं पाच मिनिटं मागून घेतली. पाच मिनिटांची मालकीण आपण नाही, एक दहा वर्षांची पोर आहे, हे तिनं सांगितलं नाही.

दार उघडलं. पाट्या आधीच ओळीनं लावलेल्या होत्या. पोरं बाजूला उभी होती आणि कुणीच तिच्याकडे बघत नव्हतं.

ओळ अकरापासून सुरू होत होती. मग चौदा, सतरा, एकोणीस. या वेळी आकडे पांगलेले होते, पंचवीस, तीस, एकदम बेचाळीस. आणि शेवटच्या पाटीवर, सगळी पाटी भरून, वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं एक हजार. ती मल्हारची पाटी होती, वर्गातल्या सगळ्यात लहान पोराची. त्याला भागाकार अजून नीट येत नव्हता, पण हजार म्हणजे किती हे चांगलं कळत होतं.

“त्याला सांगितलं, असं चालत न्हाय,” शरयू म्हणाली. “त्यो म्हणतोय, बाईंचा मालक हाय.”

केतकीला रडू आलं आणि तिनं ते आवरलं नाही. मल्हारची पाटी काढायचं कारण नव्हतं. रीतीप्रमाणे प्रत्येक पाटीला एकच मोल, आणि टोकाच्या पाटीवर हजार लिहा की लाख, मधली पाटी जागची हलत नाही. तिनं दोन्ही टोकांकडून मोजायला सुरुवात केली. मोजताना ती मनातल्या मनात मल्हारसारखंच म्हणत होती, मोठा येऊ दे, मोठा येऊ दे. बोटं मधोमध येऊन भेटली. पाटीवर होतं सत्तावीस.

तिनं दोनदा मोजलं. सत्तावीसच होतं. मग तिनं फोन लावला आणि आधी जे सांगायचं होतं ते आधी सांगितलं, की आत अडकलेला निनाद तिचा नवरा आहे, सकाळी तिनं ते लपवलं, वर्गाचा पहिला आकडा तिच्यामुळे बिघडला, म्हणून तो पाठवलाच नाही. दुसरा आकडा वर्गानं तिला बाहेर काढून काढलाय.

घोरपडे मॅडमनी अगदी वेगळ्या, हलक्या आवाजात विचारलं, “किती?”

“सत्तावीस.”

“ताई, याचा अर्थ मला वरून भोक पाडावं लागेल. तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय,” केतकी म्हणाली. “पाडा.”

आठवड्यानं ती निनादच्या खाटेशी बसली होती, जिल्ह्याच्या दवाखान्यात, दुपारी. नऊच्या नऊ माणसं जिवंत बाहेर आली होती. चौघांचं भान गेलेलं होतं, ते दोन दिवसांनी पुरतं परत आलं. भोक आत पोचताना छताचा एक तुकडा सुटला होता. तो निनादच्या उजव्या पायावर आला, आणि डॉक्टरांना पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

आकडा बरोबर होता का, हे कुणी छातीठोक सांगत नव्हतं. आतली हवा मोजलेली होती, पण भोक पाडल्यावर ती बाहेरच्या हवेत मिसळली होती, त्यामुळे एक डॉक्टर म्हणत होते आणखी दहा तास, दुसरे म्हणत होते वीस. सहाही यंत्रांनी मात्र नव्या माहितीनंतर आपला आकडा बदलला होता. अर्थातच एकमुखानं.

निनादला शुद्ध आल्यापासून तो कमी बोलत होता. वरून का पाडलं, हे त्याला घोरपडे मॅडमनी येऊन सांगितलं होतं, आणि कुणाच्या आकड्यावरून तेही. त्या दुपारी सासूबाई चहा आणायला खाली गेल्या तेव्हा त्यानं तो विषय काढला.

“आम्ही आधी खोदत होतो,” तो छताकडे बघत म्हणाला. “मीच सगळ्यांना कामाला लावलं. मग दमलो, डोकं दुखायला लागलं, मग बसलो. किती वेळ खोदलं, किती वेळ बसलो, मला सांगता येणार नाही.”

केतकीनं त्याची उशी सारखी केली.

“तुझ्याकडे एक्कावन्न होता.”

“होता.”

“तो दिला असतास तर माझा पाय राहिला असता.”

“कदाचित पाय राहिला असता आणि तू नसतास. कदाचित दोन्ही राहिले असते,” ती म्हणाली. “मला माहीत नव्हतं, निनाद. अजूनही माहीत नाही. जे माहीत नव्हतं ते माहीत असल्यासारखं मी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगवेना.”

“म्हणजे कळून पाठवलास.”

“हो.”

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. तो चिडलेला आहे हे तिला दिसत होतं आणि चिडायचा त्याला हक्क आहे असंही तिला वाटत होतं, म्हणून ती उठून गेली नाही आणि समजूतही घालत बसली नाही. खाली आवारात कुणीतरी गाडी मागं घेत होतं. सासूबाईंना चहाच्या रांगेत वेळ लागत असावा.

“केतकी.” बऱ्याच वेळानं तो म्हणाला. अजून भिंतीकडेच बघत होता. “तळपायाला खाज सुटलीय.”

तिनं चादर बाजूला करून डावा पाय हातात घेतला.

“तो नाही,” निनाद म्हणाला. “दुसरा.”

ती थांबली. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की पाय गेला तरी मेंदूला तो बरेच दिवस जागेवरच वाटतो. चादर उजव्या गुडघ्यापुढं सपाट होती. तिथं काहीच नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती. केतकी सरकून पुढं बसली, त्याचा पाय एरवी कुठवर पोचायचा याचा तिनं मनाशी अंदाज घेतला, आणि त्या रिकाम्या जागी चादरीवर नखांनी हलकेच खाजवायला लागली.

“थोडं वर,” निनाद म्हणाला. “आणखी जरा डावीकडे. हां, तिथं.”